बातमीपुढचे प्रश्नचिन्ह

सकाळी दारात वर्तमानपत्र येऊन पडते आणि चहाचा पेला रिकामा होण्याच्या आत आपण राज्याच्या व देशाच्या कारभाराविषयी चार-दोन मते बनवून मोकळे होतो. अमुक मंत्री कर्तबगार, तमुक पुढारी लबाड, हा पक्ष बुडणार, तो तरणार! ज्यांच्याविषयी आपण इतक्या खात्रीने बोलतो, त्यांच्यापैकी बहुतेकांना आपण कधी जवळून पाहिलेले नसते; त्यांच्या कचेरीत बसलेलो नसतो, त्यांची कागदपत्रे चाळलेली नसतात. आता बऱ्याच घरांत वर्तमानपत्राची जागा दूरचित्रवाणीने आणि हातातल्या मोबाइलने घेतली आहे. मते पूर्वी दिवसातून एकदा बनत, ती आता तासातासाला बनू लागली आहेत, इतकाच काय तो फरक. मूळ प्रश्न मात्र तसाच उभा आहे. राजकारणाविषयीचे जे मत आपण आपले म्हणून मांडतो, ते खरोखरच आपले असते काय? आणि त्या मतापायी एखाद्या निरपराध माणसावर अन्याय झाला, तर दोष कोणाचा? केवळ छापणाऱ्याचा, की वाचून मान डोलावणाऱ्याचाही?

हा प्रश्न मला ग्रंथ वाचताना पडलेला नाही. तो माझ्या गावात, माझ्या घराच्या ओटीवर मला भेटला.

आमच्या गावात एक मास्तर होते. प्राथमिक शाळेत त्यांनी आम्हाला शिकवले. शनिवारच्या शेवटच्या तासाला ते शाळेत येणारे वर्तमानपत्र वर्गात आणीत आणि आम्हा मुलांकडून आळीपाळीने मोठ्याने वाचून घेत. अडखळलो तर थांबवीत, अर्थ विचारीत. सेवानिवृत्तीनंतर त्यांनी गावच्या पतपेढीचे हिशेब विनामोबदला सांभाळले आणि पुढे लोकांच्या आग्रहावरून ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभे राहिले. मतदान चार दिवसांवर आले असताना एका दैनिकाच्या तालुक्याच्या पानावर ठळक मथळा झळकला : ‘पतपेढीत अपहार?’ खालच्या मजकुरात मास्तरांचे नाव होते. कोणी आरोप केला, किती रकमेचा, कशाच्या आधारे, यांपैकी काहीही त्यात नव्हते. ‘गावात चर्चा आहे’ एवढेच होते. खरे तर चर्चा नव्हती. ती त्या सकाळपासून सुरू झाली.

आमच्या ओटीवरही झाली. बाबा म्हणाले, “आगीशिवाय धूर निघतो काय?” मी तेव्हा नोकरीला लागलेला, चार पुस्तके वाचलेला तरुण होतो. मीही मान डोलावली. मास्तर पडले. त्यांच्या घरी जाणारी माणसे कमी झाली. मीही जाईनासा झालो. भांडण नव्हते, पण पाय वळेना. पुढे आठ-नऊ महिन्यांनी सहकार खात्याची चौकशी पुरी झाली. कीर्द-खतावणी तपासली गेली आणि एका पैचाही फरक निघाला नाही. त्याच दैनिकाने ती बातमी आतल्या पानावर, निविदांच्या जाहिरातींखाली चार ओळींत दिली. मी ती वाचली. वाचून पान उलटले.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एका रविवारी मिस्सानंतर मास्तर चर्चच्या आवारात भेटले. त्यांनी आईच्या प्रकृतीची चौकशी केली, मग म्हणाले, “पेपर वाचतोस ना रे अजून?” मी “हो मास्तर” म्हणालो. क्षमा मागायचे शब्द ओठांवर आले नाहीत. आज मास्तर नाहीत, आणि ती क्षमा मागायची राहून गेली.

त्या मथळ्यातल्या प्रश्नचिन्हाचा मी पुढे पुष्कळ विचार केला. ते चिन्ह वाचकाला काही विचारीत नव्हते. ते सांगत होते, आणि सांगितल्याची जबाबदारी झटकत होते. कायद्याच्या दृष्टीने छापणाऱ्याने काहीच विधान केले नव्हते. विधान आम्ही केले. प्रश्नचिन्ह पुसून त्या जागी पूर्णविराम आम्ही, वाचकांनी, दिला.

आपल्या मनात बाहेरच्या जगाचे चित्र कसे उमटते, याचा विचार अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ साली ‘पब्लिक ओपिनियन’ या ग्रंथात केला. ग्रंथाच्या आरंभी ते एका बेटाची हकिकत सांगतात. १९१४ साली त्या बेटावर काही इंग्रज, फ्रेंच आणि जर्मन कुटुंबे सलोख्याने राहत होती. तिथे तारेची सोय नव्हती. दोन महिन्यांतून एकदा टपालाची बोट येई. सप्टेंबरच्या मध्याला बोट आली तेव्हा त्यांना कळले, की सहा आठवड्यांहून अधिक काळ त्यांच्या देशांत युद्ध पेटलेले आहे आणि आपण एकमेकांचे शत्रू झालेलो आहोत! तोवर ती माणसे मित्र म्हणूनच वागत होती. लिपमन यांना दाखवायचे आहे ते असे : माणूस प्रत्यक्ष जगाला अनुसरून वागत नाही, तो आपल्या डोक्यातल्या जगाच्या चित्राला अनुसरून वागतो. आणि ते चित्र बहुतांशी दुसऱ्यांनी पुरवलेले असते.

हे चित्र पुरवताना खोटेच सांगावे लागते असे नाही. १९६८ सालच्या अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत मॅक्सवेल मॅकोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या दोन अभ्यासकांनी चॅपेल हिल या गावी, कोणाला मत द्यावे हे निश्चित न झालेल्या शंभर मतदारांना विचारले, की देशापुढचे महत्त्वाचे प्रश्न कोणते. त्या मतदारांनी दिलेला क्रम आणि बातम्यांत त्या प्रश्नांना मिळालेल्या जागेचा क्रम यांत विलक्षण साम्य आढळले. १९७२ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आता या विषयातला पायाभूत मानला जातो. वृत्तपत्र आपल्याला काय विचार करावा हे सांगण्यात एखादे वेळी अपयशी ठरेल. पण कशाचा विचार करावा हे मात्र ते फार यशस्वीपणे ठरवते. पहिल्या पानावर जे आले ते महत्त्वाचे. जे कुठेच आले नाही ते जणू घडलेच नाही. एखाद्या तालुक्यात पाण्याचे टँकर येत नाहीत ही बातमी दिसलीच नाही, तर मतदार पाण्याविषयी प्रश्न विचारणार नाही. त्याची कोणी फसवणूक केली असे सिद्ध करता येणार नाही. तरीही त्याचे मत कोणीतरी वळवलेले असेल.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मराठीतले पहिले वृत्तपत्र काढले, तेव्हा त्याला ‘दर्पण’ हे नाव दिले. नाव सुंदर आहे, आणि त्यामागची आकांक्षाही थोर आहे. परंतु आरसा निवड करीत नाही. समोर येईल ते दाखवतो. वृत्तपत्राला निवड करावीच लागते, कारण पाने मोजकी असतात. म्हणून ते आरशापेक्षा खिडकीसारखे आहे. खिडकी कोणत्या भिंतीला ठेवायची हे घर बांधणाराच ठरवतो. ही निवड सचोटीने झाली तर ती मोठी लोकसेवा होते. आणि तीच विकली गेली, तर खिडकीतून दिसणारे दृश्यसुद्धा विकत घेतलेले असते.

आपल्या देशाने या दोन्ही टोकांचा अनुभव घेतलेला आहे. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि तिच्याबरोबर वृत्तपत्रांवर सेन्सॉर आला. २८ जून १९७५ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. आपल्याकडे ‘साधना’सारख्या साप्ताहिकाने त्या काळात सेन्सॉरशी झगडा दिला. अनेकांनी मान तुकवली, हेही खरे. पण त्या काळच्या वाचकाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती : आपल्यापासून काहीतरी लपवले जात आहे. कोरी जागा अबोल होती, पण खोटी नव्हती. छापलेल्या ओळींमधले न छापलेले वाचायला लोक शिकले, आणि मार्च १९७७ च्या निवडणुकीत त्यांनी स्वतः पंतप्रधानांनाही रायबरेलीत पराभूत केले. ज्यांनी वर्तमानपत्रांचे तोंड बंद केले होते, त्यांनाच जनतेच्या मनाचा ठाव लागला नव्हता.

२००९ साली जे घडले ते याहून निराळे आणि एका अर्थाने अधिक गंभीर होते. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली. त्यानंतर ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’ दैनिकातून दाखवून दिले, की एरवी परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी वृत्तपत्रांत एका बड्या नेत्याची स्तुती करणारा एकच मजकूर जवळजवळ शब्दशः प्रसिद्ध झाला होता. तो जाहिरात म्हणून नव्हे, बातमी म्हणून छापलेला होता. या प्रकाराला ‘पेड न्यूज’, म्हणजे विकाऊ बातमी, हे नाव मिळाले. उमेदवारांसाठी ठरावीक रकमेची ‘पॅकेजे’ असत, अशी माहिती अनेक ठिकाणांहून पुढे आली. मुलाखतीचा दर वेगळा, सभेच्या वृत्तान्ताचा वेगळा, प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या मजकुराचा वेगळा! आणि ज्याने पैसे दिले नाहीत, त्याच्या सभेला कितीही गर्दी होवो, तो पानांवरून नाहीसाच झाला.

या व्यवहारात तीन लबाड्या एकत्र होत्या. वाचकाला जाहिरात बातमी म्हणून विकली गेली, ही पहिली. विधानसभेच्या उमेदवाराला तेव्हा दहा लाख रुपयांची खर्चमर्यादा होती. बातमीवर केलेला खर्च हिशेबात दाखवला जात नसल्याने निवडणूक आयोगाची दिशाभूल झाली, ही दुसरी. आणि पावतीविना दिलेला पैसा करातून सुटला, ही तिसरी. भारतीय वृत्तपत्र परिषदेने, म्हणजे प्रेस कौन्सिलने, नेमलेल्या परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांच्या उपसमितीने २०१० साली या प्रकारांचा नावानिशी सविस्तर अहवाल दिला. परिषदेने मात्र तो जसाच्या तसा प्रकाशित केला नाही. संक्षिप्त अहवालावर काम भागवले. संपूर्ण अहवाल जनतेपुढे यायला २०११ साल आणि केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातील एका आमदाराला अशा मजकुराचा खर्च न दाखवल्याबद्दल आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले. या कारणावरून झालेली ती पहिली अपात्रता. विकाऊ बातमी हा निवडणूक कायद्यात स्वतंत्र अपराध मानावा, अशी शिफारस विधी आयोगाने २०१५ साली केली.

१९७५ ची कोरी जागा वाचकाला सावध करीत होती. २००९ ची पाने भरगच्च होती, रंगीत होती; सावध व्हावे असे त्यांत काहीही दिसत नव्हते. भीतीपोटी गप्प बसलेला साक्षीदार आपण ओळखू शकतो. पैसे घेऊन मनमोकळेपणाने बोलणारा साक्षीदार ओळखणे कठीण.

वृत्तपत्रातली कोणती जागा विकायची आणि कोणती नाही, या प्रश्नासाठी प्राण देणारा एक माणूस ख्रिस्तसभेला ठाऊक आहे. टायटस ब्रँड्‌स्मा हे हॉलंडमधले कार्मेलाईट धर्मगुरू, नायमेगेनच्या विद्यापीठातले प्राध्यापक आणि कॅथलिक पत्रकारांचे मार्गदर्शक होते. देश नाझींच्या ताब्यात गेल्यावर तेथील नाझी पक्षाच्या जाहिराती छापण्याची सक्ती वृत्तपत्रांवर झाली. जाहिरातच तर आहे, मत आपले थोडेच आहे, असे म्हणून सुटका करून घेणे सोपे होते. जानेवारी १९४२ मध्ये फादर टायटस महागुरुस्वामी डी योंग यांचा निरोप घेऊन गावोगावी संपादकांना स्वतः भेटले आणि नकार द्या, असे सांगत फिरले. त्याच महिन्यात त्यांना अटक झाली. २६ जुलै १९४२ रोजी डाखाऊच्या छळछावणीत विषारी टोचणी देऊन त्यांना मारण्यात आले. १५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले. आपल्या देशातले देवसहायम यांनाही त्याच सोहळ्यात संतपद मिळाले. कोऱ्या कागदाच्या काही इंचांसाठी एवढी किंमत का मोजावी, असे कोणी विचारील. त्या इंचांवर वाचकाचा विश्वास बसलेला असतो, आणि तो विश्वास संपादकाच्या मालकीचा नसतो, हेच त्याचे उत्तर.

इथवर दोष छापणाऱ्यांचा झाला. आता आपल्याकडे वळू या.

दहा आज्ञांपैकी आठवी आज्ञा खोटी साक्ष देण्यास मनाई करते. ही आज्ञा बोलणाऱ्याला आहे, ऐकणाऱ्याला नाही, अशी आपली सोयीची समजूत असते. परंतु १९९२ च्या कॅथलिक श्रद्धाग्रंथाने या आज्ञेचे विवरण करताना उतावीळ निर्णयालाही दोष मानले आहे : पुरेसा आधार नसताना शेजाऱ्याचे नैतिक अधःपतन मनातल्या मनात जरी खरे धरले, तरी तो अपराध होतो. मनातल्या मनात! म्हणजे मास्तरांच्या बाबतीत मी एक शब्दही बोललो नव्हतो, केवळ मान डोलावली होती, हा माझा बचाव टिकत नाही. पिलाताच्या अंगणात मुख्य याजकांनी लोकांना चिथवले, असे मार्कचे शुभवर्तमान सांगते. चिथवणारे होते, हे सांगायला शुभवर्तमानकार विसरत नाही. पण तेवढ्याने ओरडणारा समुदाय निर्दोष ठरतो, असेही तो म्हणत नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा : सामान्य माणसाला प्रत्येक बातमीची शहानिशा करायला वेळ कुठे आहे? आक्षेप रास्त आहे. पण सर्व काही जाणण्याचे बंधन आपल्यावर नाहीच. जे आपल्याला ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखे न सांगणे, एवढेच बंधन आहे. आणि त्याला वेळ लागत नाही, संयम लागतो. ‘मला नक्की माहीत नाही’ हे वाक्य उच्चारायला घड्याळाचे दोन क्षण पुरतात. आलेला निरोप पुढे न पाठवायला तर तेवढेही लागत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. असा संशय धरला तर माणूस कोणतीच बातमी मानणार नाही आणि कोणत्याच पुढाऱ्याला जाब विचारणार नाही. सत्ताधाऱ्यांना हेच तर हवे असते. हे मला मान्य आहे. म्हणूनच ‘सगळेच पेपर विकलेले, सगळेच पुढारी चोर’ हे आपल्या कट्ट्यावरचे लाडके वाक्य मला शहाणपणाचे वाटत नाही. वरवर पाहता ते चिकित्सक वाटते. वस्तुतः तो सर्वांत मोठा उतावीळ निर्णय आहे, कारण त्यात पुराव्यावाचून साऱ्यांनाच एकदम दोषी ठरवले जाते. सगळेच चोर ठरले की खरा चोर गर्दीत मिसळून निवांत होतो, आणि मास्तरांसारखा माणूस पुन्हा निवडणुकीला उभा राहत नाही. शिवाय हे विसरू नये, की विकाऊ बातम्यांचे बिंग फोडणारे पत्रकारच होते. वाईट वृत्तपत्रावर उपाय वृत्तपत्र न वाचणे हा नाही. चांगले वृत्तपत्र ओळखणे, विकत घेणे आणि त्याच्या पाठीशी उभे राहणे हा आहे.

निर्णय तर मतदाराला घ्यावाच लागतो. प्रश्न पुरेशा आधाराचा आहे, आणि आधार शोधण्याच्या वाटा आज पूर्वीपेक्षा अधिक आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला आपल्यावरील फौजदारी खटले, मालमत्ता आणि शिक्षण यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आणि ते कोणालाही पाहता येते. आपल्यापैकी किती जणांनी मतदानापूर्वी ते पाहिले आहे? सार्वजनिक कृतींची पारख करता येते : रस्ता झाला की नाही, नळाला पाणी आले की नाही, सभागृहात तो कोणत्या बाजूने बोलला. माणसाच्या अंतःकरणातला हेतू मात्र आपल्याला दिसत नाही. नेमका त्याच्याविषयीच आपण सर्वांत अधिक खात्रीने बोलतो.

मी स्वतः काही साध्या गोष्टी पाळू लागलो आहे. त्यांत थोरवी काही नाही. उशिरा आलेली शुद्ध आहे. एखाद्या माणसाच्या चारित्र्याविषयीची बातमी वाचली, की ती कोणी सांगितली हे शोधतो. ‘चर्चा आहे’, ‘समजते’, ‘बोलले जाते’ असे शब्द दिसले, की बोलणारा कोण ते कळेपर्यंत मत राखून ठेवतो. ती बातमी माझ्या नावडत्या पक्षाच्या माणसाविषयी असली तर दुप्पट सावध होतो, कारण तिथे माझे मन विश्वास ठेवायला आधीच उत्सुक असते. आणि आरोपाची बातमी जितक्या जणांना सांगितली असेल, तितक्यांना त्या आरोपाचा शेवट काय झाला तेही सांगण्याचा प्रयत्न करतो. ही शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. आरोप ऐकायला माणसे खुर्ची पुढे ओढतात. निर्दोष सुटल्याचे सांगू लागलो, की त्यांना घरची कामे आठवतात.

वर्तमानपत्र आजही माझ्या दारात येते. आता आतल्या पानांवरून, निविदांच्या जाहिरातींखालून, मी नजर फिरवल्याशिवाय ते बाजूला ठेवीत नाही. कुणाचे तरी नाव तिथे चार ओळींत परत मिळालेले असते. मास्तरांच्या वेळी त्या चार ओळी घेऊन मला गावात फिरता आले असते, चार घरी थांबून वाचून दाखवता आल्या असत्या. मोठ्याने, न अडखळता वाचायला तर त्यांनीच शिकवले होते.